सहा मुद्दे सोडून सातवा धरणारा वकील

लॉच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं विचारलंय: "शाळेत लिंकनचं हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र पाठ केलं होतं. तो खोटी केस हातात घेतच नसे, असं सगळीकडे वाचते. हे खरं असेल तर त्याची वकिली चालली कशी? आणि त्या वकिलीचा त्याच्या राजकारणाशी काही संबंध होता का?"

मी तीसेक वर्षं तालुका आणि जिल्हा कोर्टात दिवाणी वकिली करतोय आणि लिंकनबद्दल वाचायचा नाद त्याहून जुना आहे. त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी ते पत्र. वसंत बापटांच्या मराठी रूपात ते आपल्याकडच्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर लागलेलं आहे. मजकूर सुंदर आहे, वाद नाही. पण लिंकनच्या संकलित कागदपत्रांत असं पत्र नाही. त्याचा थोरला मुलगा रॉबर्ट १८५९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेशपरीक्षेत आपटला आणि पुढचं वर्ष न्यू हॅम्पशरमधल्या फिलिप्स एक्झिटर अकादमीत तयारी करत बसला, एवढं मात्र खरं. तुम्ही पुरावा कायदा शिकताय ना? दस्तऐवज पुढे आला की तो कोणाच्या ताब्यातून आला हे आधी विचारायचं. या पत्राला तो प्रश्न विचारला की पुढे कोणी येत नाही.

आता वकिली. 'खोटी केस घेत नसे' हे ऐकलं की डोळ्यांपुढे गरिबांसाठी फुकट लढणारा संत उभा राहतो. प्रत्यक्षात तो आपल्यासारखाच मोफसिल वकील होता. १८३६ ते १८६१ या काळात त्यानं आणि त्याच्या भागीदारांनी पाच हजारांवर प्रकरणं चालवली आणि त्यांतली सर्वांत जास्त होती वसुलीची. उधारी, वचनचिठ्ठ्या (पैसे देण्याची लेखी हमी), बुडीत कर्ज. कधी तो सावकाराकडून, कधी ऋणकोकडून. त्याखालोखाल जमिनीचे वाद, वारसा, घटस्फोट, अब्रूनुकसानी, क्वचित खून. आपल्या कुठल्याही तालुका कोर्टाचा बोर्ड बघा, फार वेगळा दिसणार नाही.

वसुलीचा दावा दुसऱ्या बाजूनं कसा दिसतो, हे त्याला सनद मिळायच्या आधीच कळलं होतं. न्यू सेलम नावाच्या खेड्यात त्यानं बेरी नावाच्या भागीदाराबरोबर दुकान काढलं, ते बुडालं, बेरी वारला आणि सगळं कर्ज लिंकनच्या गळ्यात आलं. तेव्हा तो जमीन मोजणीचं काम करत होता. हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा आदेश) झाला आणि त्याचा घोडा, खोगीर आणि मोजणीची साधनं जप्त होऊन लिलावाला निघाली. जेम्स शॉर्ट नावाच्या एका शेतकरी मित्रानं लिलावात ती साधनं घेतली आणि त्याला परत दिली. ते कर्ज फेडायला लिंकनला बरीच वर्षं लागली. या कर्जाला तो थट्टेनं 'राष्ट्रीय कर्ज' म्हणायचा.

कायद्याचं कॉलेज त्यानं पाहिलं नाही. सगळं शालेय शिक्षण मिळून वर्षभराचंही नव्हतं. १८३४ मध्ये तो इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात निवडून आला. तिथला सहकारी जॉन टॉड स्टुअर्ट हा वकील होता. त्यानं पुस्तकं उसनी दिली आणि लिंकननं ब्लॅकस्टोनचा इंग्रजी कायद्यावरचा ग्रंथ वाचून काढला. सप्टेंबर १८३६ मध्ये परवाना मिळाला, १ मार्च १८३७ ला वकिलांच्या पटावर नाव चढलं आणि १५ एप्रिलला तो स्प्रिंगफील्डला आला. राजकारण आधी आणि सनद नंतर, हा क्रम लक्षात ठेवा. पहिली भागीदारी स्टुअर्टशी, दुसरी स्टीफन लोगनशी. लोगन काटेकोर माणूस. कैफियत (दाव्याला द्यायचं लेखी उत्तर) कशी लिहायची आणि तयारी कशाला म्हणतात, ते लिंकन त्याच्याकडे शिकला. १८४४ पासून तिसरा भागीदार विल्यम हर्नडन, वयानं नऊ वर्षांनी लहान. तरी आलेली फी निम्मी निम्मी. (ज्युनियरला महिन्याच्या शेवटी पेट्रोलपुरते पैसे देणाऱ्या आमच्या पिढीनं हे वाक्य दोनदा वाचावं.)

ऑफिस म्हणजे आनंदीआनंद होता. महत्त्वाचे कागद उंच टोपीच्या आत ठेवायची त्याला सवय होती. टेबलावर कागदांचा एक गठ्ठा होता, त्यावर त्यानं लिहून ठेवलं होतं की दुसरीकडे कुठेच सापडलं नाही तर यात बघा. आमच्या चेंबरमध्येही असा एक गठ्ठा आहे. फक्त आम्ही त्यावर तसं कबूल केलेलं नाही.

खरी वकिली घडली ती फिरत्या कोर्टात. आठव्या न्यायिक सर्किटमध्ये काही काळ चौदा काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, होत्या. वसंतात आणि शरदात न्यायाधीश निघायचे आणि त्यांच्यामागे वकिलांचा तांडा. घोड्यावर किंवा घोडागाडीत, चिखलातून, एका गावाहून दुसऱ्या गावाला. गावात पोचलं की पक्षकार कोर्टाच्या पायऱ्यांवर गाठायचे. केस समजून घ्यायला तासभर मिळाला तर नशीब. रात्री खानावळीत एका पलंगावर दोन दोन वकील झोपायचे. न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस यांचं वजन तीनशे पौंडांच्या पुढे, त्यामुळे त्यांना पलंग स्वतंत्र. बाकीचे वकील शनिवार-रविवारी घरी पळायचे. लिंकन बहुधा सर्किटवरच राहायचा. या डेव्हिसचं नाव लक्षात असू द्या, ते पुन्हा येणार आहे.

याच सर्किटवरचा त्याचा मित्र लेनर्ड स्वेट. अनेकदा विरुद्ध बाजूनं उभा राहिलेला. त्यानं लिंकनच्या पद्धतीचं जे वर्णन करून ठेवलंय, ते मी नव्या ज्युनियरला पहिल्या आठवड्यात सांगतो. समोरचा वकील मुद्दे मांडत जायचा आणि लिंकन म्हणायचा, हे मान्य, हेही मान्य, यात काही वाद नाही. ऐकणाऱ्याला वाटायचं, याची केस संपली. असे सहा मुद्दे सोडून तो सातवा घट्ट धरायचा आणि सगळी केस त्या सातव्यावर उभी असायची. त्याला साधाभोळा समजणारा वकील शेवटी चरात उताणा पडलेला असायचा, असं स्वेट म्हणतो.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. वादपत्रातल्या प्रत्येक परिच्छेदाला 'हे म्हणणे खोटे व नाकबूल' असं ठोकून द्यायची आपल्याला इतकी सवय आहे की वादीचं नाव आणि पत्तासुद्धा नाकबूल केलेल्या कैफियती मी पाहिल्यात. मुद्दा सोडायला धाडस लागतं, कारण सातवा कुठला हे आधी ठरवावं लागतं आणि पक्षकार शेजारी बसून कुजबुजत असतो, "वकीलसाहेब, हे का कबूल केलंत?"

पंचांग खटला तुम्ही ऐकला असेलच. मे १८५८, बिअर्ड्सटाउन. आरोपी डफ आर्मस्ट्राँग. आदल्या वर्षी २९ ऑगस्टच्या रात्री मेट्झकर नावाच्या माणसाच्या खुनाचा आरोप. डफची आई हॅना हिनं न्यू सेलमच्या गरिबीच्या दिवसांत लिंकनला जेवू घातलेलं, म्हणून फी नाही. मुख्य साक्षीदार चार्ल्स ॲलन म्हणाला, रात्री अकराच्या सुमाराला दीडशे फुटांवरून चांदण्यात मी स्वतः पाहिलं. लिंकननं त्याला अडवलं नाही. उलट पुन्हा पुन्हा तेच विचारलं. अंतर किती? वेळ कुठली? उजेड कशाचा? चंद्र कुठे होता? ॲलन दर वेळी जास्त ठामपणे सांगत गेला. मग लिंकननं पंचांग मागवून त्या रात्रीचं पान ज्यूरीपुढे धरलं. चंद्र मावळतीला टेकत आला होता.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना लोक अमावास्या करून टाकतात. ती नव्हती. चंद्र मध्यरात्रीनंतर लगेच मावळला, म्हणजे अकराला तो होता, पण खाली क्षितिजाकडे. लिंकननं 'चंद्रच नव्हता' असं सिद्ध केलं नाही, साक्षीदार इतक्या खात्रीनं सांगतोय ते खात्रीचं नाही एवढंच दाखवलं. संशयाचा फायदा मिळायला तेवढं पुरतं. उलटतपासणीत नवे वकील नेमके इथे चुकतात. विसंगती दिसली की लगेच साक्षीदाराच्या तोंडावर मारतात, आणि तो "नाही साहेब, तसं नव्हे" म्हणत निसटतो. आधी सगळी दारं त्याच्याच हातानं बंद करून घ्यायची असतात. आणखी एक, फक्त पंचांगानं खटला जिंकला नाही. वैद्यकीय साक्ष होती, आणि याच प्रकरणातला दुसरा आरोपी नॉरिस आधीच दोषी ठरला होता, म्हणून जखम त्याच्या फटक्यानं झाली असेल असं म्हणायला वाव होता. शेवटी हॅनाबद्दल बोलताना लिंकनचे डोळे भरून आले. खरे की कोर्टातले, मला विचारू नका. डफ सुटला.

फीच्या बाबतीत मात्र संतपण विसरा. इलिनॉय सेंट्रल रेल्वेवर मॅक्लीन काउंटीनं कर बसवला होता. रेल्वे कंपनीच्या स्थापनेच्या सनदेत करमाफी होती, काउंटीला ती डावलता येते का, हा प्रश्न. लिंकननं आधी दुसऱ्या एका काउंटीला कळवलं की तुमचाही यात संबंध आहे, तुम्ही मला लावणार असाल तर पहिला हक्क तुमचा. तिकडून काही ठरलं नाही, मग त्यानं रेल्वेचं वकीलपत्र घेतलं आणि १८५६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात केस जिंकली. कंपनी फी देईना. त्यानं आपल्याच पक्षकारावर ५,००० डॉलरचा दावा लावला, राज्यातल्या नामांकित वकिलांकडून 'ही फी वाजवी आहे' असं लेखी घेतलं, आणि १८५७ मध्ये आधीचे मिळालेले दोनशे वजा करून ४,८०० चा हुकूमनामा मिळवला. निम्मे हर्नडनला. ज्या काळात त्याची नेहमीची फी पाच, दहा, वीस डॉलर होती त्या काळातली ही गोष्ट. गंमत म्हणजे त्यानंतरही तो त्याच कंपनीचा वकील राहिला.

याच माणसानं सुमारे १८५० मध्ये नव्या वकिलांसाठी एक टिपण लिहून ठेवलं होतं. त्याचा आशय असा: कज्जे वाढवू नका, शेजाऱ्याशेजाऱ्यांत तडजोड घडवा, जिंकणारा माणूस खर्चात आणि वेळेत कसा हरतो ते त्याला दाखवा, तरीही धंदा उरेलच. फी पूर्ण आगाऊ घेऊ नका, कामातला रस जातो. आणि प्रामाणिक वकील होणं जमत नसेल तर वकिली सोडा, प्रामाणिकपणा सोडू नका. वकिलीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी माझ्याकडे दोन भाऊ बांधावरून भांडत आले होते, म्हणजे एक माझ्याकडे आणि दुसरा समोरच्या वकिलाकडे. अडीच फुटांचा प्रश्न. मी उत्साहानं दावा दाखल केला. निकाल लागला तेव्हा माझा पक्षकार हयात नव्हता आणि त्याच्या मुलानं ती जमीन विकून टाकली होती. टिपणाचा अर्थ मला त्यानंतर कळला.

आता अवघड भाग. 'खोटी केस घेत नसे' म्हणणारे हा भाग टाळतात.

१८४१, बेली विरुद्ध क्रॉमवेल. नॅन्स नावाची काळी मुलगी बेलीनं वचनचिठ्ठीवर विकत घेतली होती. ती कायद्यानं गुलाम आहे याचा कागद विकणारा क्रॉमवेल देणार होता, तो त्यानं दिलाच नाही. नॅन्स काही महिन्यांत 'मी कोणाची नाही' म्हणत निघून गेली. क्रॉमवेल वारल्यावर त्याच्या इस्टेटीच्या प्रशासकांनी बेलीवर चिठ्ठीच्या पैशांचा दावा लावला. लिंकन बेलीतर्फे. म्हणजे वरवर साधी वसुली. त्यानं धरलेला मुद्दा असा: इलिनॉयमध्ये प्रत्येक माणूस मुक्त असल्याचं गृहीत आहे, मुक्त माणसाची विक्री होऊ शकत नाही, म्हणून चिठ्ठीचा मोबदलाच बेकायदा. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. करार कायद्याचं कलम २३ (मोबदला कायदेशीर हवा) शिकताना हे उदाहरण मनात ठेवा.

सहा वर्षांनी, ऑक्टोबर १८४७, कोल्स काउंटीतलं चार्ल्सटन गाव. केंटकीचा रॉबर्ट मॅटसन दरवर्षी आपले गुलाम इलिनॉयमधल्या शेतावर आणायचा आणि हंगाम संपला की परत न्यायचा. जेन ब्रायंट आणि तिची मुलं मात्र तिथे दोन वर्षांच्या आसपास राहिली होती. आता आपल्याला परत नेऊन विकतील या भीतीनं ती गावातल्या गुलामीविरोधी माणसांकडे आश्रयाला गेली. मॅटसननं त्यांचा ताबा मागितला. आणि मॅटसनतर्फे कोर्टात उभा राहिला लिंकन.

तिथेही पद्धत तीच. त्यानं मान्य केलं की मालकानं कायम वस्तीसाठी आणलं असेल तर ही माणसं मुक्त आहेत. सातवा मुद्दा एकच, मॅटसनचा हेतू तात्पुरता होता. पण दोन वर्षांच्या वास्तव्यापुढे तो हेतू टिकला नाही. कोर्टानं जेनला आणि मुलांना मुक्त केलं. लिंकन हरला.

बरेच जण त्याचं समर्थन करतात की वकिलानं आलेलं वकीलपत्र नाकारू नये. आपल्या बार कौन्सिलच्या नियमांत तसं आहेही. पण तो नियम त्याला बंधनकारक नव्हता, तो नाही म्हणू शकत होता. मी तरी ही केस त्याच्या खात्यावर डाग म्हणूनच मांडतो. कोर्टात एक आई आपल्या मुलांसह बसलेली, आणि समोर पुढे 'मुक्तिदाता' म्हणून ओळखला जाणारा वकील 'हंगामी मुक्काम' या शब्दांवर कीस पाडतोय. हे चित्र झाकून त्याचं चरित्र सांगता येत नाही.

दोन महिन्यांनी तो वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये बसला. एक मुदत काढून १८४९ मध्ये परतला आणि राजकारण जवळजवळ सोडून वकिलीत बुडाला. १८५४ मध्ये इलिनॉयचा सिनेटर स्टीफन डग्लसनं कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणला, पश्चिमेच्या नव्या प्रदेशात गुलामी न्यायची की नाही हे तिथल्या मतदारांवर सोडलं, आणि लिंकन पुन्हा उभा राहिला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं.

१८५८ मध्ये सिनेटच्या जागेसाठी डग्लसशी सात जाहीर वाद झाले. चौथा चार्ल्सटनला, म्हणजे जेन ब्रायंटची केस चालली त्याच गावात. तिथे लिंकननं उघड सांगितलं की गोऱ्या-काळ्यांची सामाजिक आणि राजकीय समानता मला नको आहे, त्यांना मताधिकार नको, ज्यूरीत बसायचा हक्क नको. आज वाचताना अंगावर काटा येतो. तो मुद्दे सोडत होता, आणि सोडलेले मुद्दे दुसऱ्याच्या आयुष्याचे होते. धरला तो एकच: गुलामी अन्याय आहे, आणि ती नव्या भूमीत पसरू द्यायची नाही. सिनेटची ती निवडणूक तो हरला. दोन वर्षांनी शिकागोच्या अधिवेशनात रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी त्याच्यासाठी खेचून आणली ती सर्किटवरच्या दोस्तांनी, आणि त्यांचा म्होरक्या होता स्वतंत्र पलंगवाला न्यायाधीश डेव्हिस. नोव्हेंबर १८६० मध्ये जेमतेम चाळीस टक्के मतांवर तो राष्ट्राध्यक्ष झाला, दक्षिणेची गुलामी असलेली राज्यं फुटून निघाली आणि यादवी युद्ध पेटलं.

१ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा काढून वाचा. भाषण असेल या अपेक्षेनं गेलात तर निराश व्हाल. तो खरेदीखतातल्या चतुःसीमेसारखा आहे. कुठली राज्यं बंडखोर, त्यांतून लुईझियानाचे कुठले विभाग वगळले, व्हर्जिनियातल्या कुठल्या काउंट्या वगळल्या, नावानिशी यादी. संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या केंटकी, मिसुरी, मेरीलँड, डेलावेअर या गुलामी असलेल्या राज्यांना तो लागूच नाही. टीकाकार म्हणतात, जिथे त्याची सत्ता होती तिथे त्यानं कोणाला सोडवलं नाही. वकील म्हणून मला त्यात वेगळं दिसतं. शांततेत कोणाची 'मालमत्ता' काढून घ्यायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नव्हता. युद्धात शत्रूचं बळ तोडायचा अधिकार सरसेनापतीला होता. त्यानं फक्त तो एक अधिकार धरला आणि त्याच्या हद्दीबाहेर एक पाऊल टाकलं नाही, कारण अपिलात गुलाममालकांच्या बाजूचे सरन्यायाधीश रॉजर टेनी यांचं सर्वोच्च न्यायालय बसलं होतं. १८४९ मध्ये याच टेनींपुढे तो एक केस हरून आला होता.

तरी युद्ध संपल्यावर हा दस्त टिकेल का, ही शंका त्याला होतीच. म्हणून टायटल पक्कं करायला गुलामी देशभर बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती. ३१ जानेवारी १८६५ ला ती प्रतिनिधिगृहात मंजूर झाली आणि डिसेंबरात पुरेशा राज्यांची संमती आली. तोवर तो गेला होता. या लढ्याची दखल आपल्याकडे फार लवकर घेतली गेली: १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सज्जन लोकांना.

हद्द त्यानं सगळीकडे पाळली असं नाही. युद्धकाळात त्यानं हेबियस कॉर्पस (अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क) स्थगित केलं आणि सामान्य नागरिकांवर लष्करी न्यायाधिकरणांत खटले चालले. १८६६ च्या मिलिगन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नेहमीची नागरी न्यायालयं उघडी असताना हे चालणार नाही. निकालपत्र लिहिलं डेव्हिड डेव्हिस यांनी, ज्यांना १८६२ मध्ये लिंकननंच त्या खुर्चीवर बसवलं होतं.

वॉशिंग्टनला निघायच्या आदल्या दिवशी, फेब्रुवारी १८६१ मध्ये, तो हर्नडनला म्हणाला होता की खाली गंजत लटकलेली 'लिंकन आणि हर्नडन' ही पाटी तशीच राहू दे; जिवंत राहिलो तर परत येईन आणि काही झालंच नाही अशी वकिली सुरू करू. १५ एप्रिल १८६५ ला सकाळी तो वारला. स्प्रिंगफील्डला वकिलीसाठी आला त्याला त्या दिवशी बरोबर अठ्ठावीस वर्षं झाली होती. रॉबर्टनं डेव्हिस यांना तार करून बोलावून घेतलं, कारण आयुष्यभर लोकांच्या वारसाहक्काच्या केसेस चालवलेल्या या वकिलानं स्वतःचं मृत्युपत्र केलेलं नव्हतं. वकिलांची ही खोड फार जुनी दिसते. इस्टेटीचं प्रशासन डेव्हिस यांनी पाहिलं. कागदपत्रांत पगाराची न वटवलेली वॉरंट (सरकारी धनादेश) निघाली. सगळं मिळून सुमारे १,१०,००० डॉलर झाले आणि विधवा मेरी, रॉबर्ट आणि धाकटा टॅड यांच्यात त्यांचे तीन सारखे हिस्से पडले.